इंजिनाला हवा कमी पडते

…आणि वर मलाच विचारतात, "एवढं यंत्र बनवलंस, चारचौघांत नाव झालं, मग तोंड असं का करून बसतोस?" आता काय सांगू यांना? तोंड असं करत नाही हो, तोंड असं झालंय. तुम्ही शहाणीसुरती माणसं दिसता म्हणून तुम्हाला सांगतो, पण पहिल्यापासून सांगतो, कारण अर्धवट ऐकलंत तर तुम्हीही टाळ्या वाजवाल, आणि टाळ्या मला आता सोसत नाहीत. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवा. गणित बरोबर होतं. पुढे मी काहीही म्हणालो, कितीही कपाळ बडवून घेतलं, तरी गणित बरोबर होतं.

तर आमचा दवाखाना टेकडीवर. का, तर म्हणे वर हवा चांगली. ज्या कुणी हे ठरवलं त्याच्या पोटात आयुष्यात कधी दुखलं नसणार. वस्ती सगळी खाली. म्हणजे आजारी पडायचं खाली आणि बरं व्हायचं वर, आणि मधे हा चढ… चढ कसला, भिंतच ती, जरा मागे कललेली. आणि दवाखान्याची गाडी एकच, माझ्यापेक्षा वयानं मोठी. रिकामी असली की रडतखडत चढायची. आत पेशंट झोपवला की शिंप्याच्या दुकानापर्यंत यायची, दोनदा खोकायची आणि बसायची. मग पेशंटला उतरवायचं, शिंप्याच्या बाकावर टेकवायचं, नातेवाइकांनी गाडी ढकलत वर न्यायची आणि पेशंटनं मागून हळूहळू चालत यायचं. शिंप्यानं खास बाक करून घेतला होता त्यासाठी. बसल्या बसल्या मापंही घ्यायचा. माणूस कामाचा.

आमची आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, त्याच दवाखान्यात नर्स आहे आणि आमच्याच घरी राहते. ती म्हणायची, "जो चालत वर येतो त्याला आम्ही औषध काय द्यायचं? तो धडधाकटच असतो. आणि ज्याला चालता येत नाही तो…" आणि इथं ती गप्प व्हायची. आता आमची आत्या गप्प होते म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? ती झोपेतसुद्धा कुणाला तरी रागावत असते. म्हणून ते तिचं गप्प होणं माझ्या मनाला लागलं.

कारण मी नुकताच परत आलो होतो ना. सहा वर्षं लांब राहून इंजिनांचंच शिक्षण घेतलं. इंजिन श्वास कसा घेतं यावर चारशे पानं लिहिली, माझ्या खर्चानं बांधून घेतली, एक प्रत घरी आणली. ती सध्या दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावलेली असते. आणि परत आलो तो असा पेटून आलो होतो, की विचारू नका. आपण नुसतं विकत का घ्यायचं? आपल्या हाताला काय झालंय? जेवायला बसलो की माझं हे सुरू. तिकडे असं असतं, तिकडे तसं असतं, आणि तिकडे जे होतं ते इथं का होऊ नये. आत्यानं एकदा मोजलं, एका जेवणात 'तिकडे' हा शब्द सतरा वेळा आला. बाबा म्हणाले, "इकडे भात निवतोय." बस. बाबांचं बोलणं एवढंच.

आणि आमचे मामा. मामांनी माझ्यासाठी एक नोकरी बघून ठेवली होती. लांबच्या शहरात, एका कचेरीत. काम काय, तर दुसऱ्यांनी बनवलेल्या यंत्रांचे फॉर्म तपासायचे. यंत्रं नाही हं, फॉर्म. मामा आले की पंख्याखालची खुर्ची धरायचे आणि म्हणायचे, "जागा तुझ्यासाठी अडवून ठेवलीय. सोमवारी रुजू हो." कुठल्या सोमवारी ते सांगायचे नाहीत. येईल तो सोमवार. आई आतून म्हणायची, "ऐक रे मामाचं." मला त्या सोमवारची इतकी धास्ती बसली की रविवारी दुपारपासूनच मला जेवण जाईना.

अशात एक दिवस आत्या घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता बसली. म्हणाली, "गाडी भंगारात काढतायत. वाहन समितीनं ठरवलं." मी म्हटलं, "मग नवी?" म्हणाली, "नवी मंजूर आहे. चार वर्षं झाली मंजूर आहे. येत तेवढी नाही." म्हणजे बघा, आत्तापर्यंत निदान शिंप्याच्या दुकानापर्यंत तरी गाडी होती. आता पेशंटनं खालूनच चालायला लागायचं. तुम्हाला सांगतो, मी उठलो, तसाच गेलो आणि वाहन समितीच्या साहेबांपुढे उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, या गाडीला झालंय काय, माहीत आहे? इंजिनाला हवा कमी पडते. इंजिन म्हातारं नाही, गुदमरलेलं आहे. मी त्याला हवा देतो. तीन महिने द्या. पेशंटसकट गाडी एका दमात वर आणून दाखवतो." साहेबांनी विचारलं, "खर्च?" म्हटलं, "तुमचा काही नाही." साहेबांनी लगेच तीन महिने दिले. फुकट म्हटलं की आमच्या साहेबांचं मन फार मोठं होतं.

घरी येऊन मामांनाही सांगितलं, गाडी चढली तर मी इथंच राहणार, बाबांच्या वर्कशॉपमध्ये, आणि नाही चढली तर येणाऱ्या सोमवारी मुकाट्यानं रुजू होणार. मामा म्हणाले, "बॅग भरायला घे." बाबा म्हणाले, "हं." पण त्या संध्याकाळी त्यांनी वर्कशॉपमध्ये दुसरं स्टूल आणून ठेवलेलं मी बघितलं. त्यांच्या स्टुलाशेजारी. आता सांगा, असं स्टूल बघितल्यावर माणूस हरेल कसा?

तर यंत्र. घाबरू नका, सोपं आहे. सुपरचार्जर म्हणतात त्याला, पात्यांचा सुपरचार्जर. एक गोल डबा घ्या. त्याच्या आत एक गोल फिरकी. फिरकीला चार खाचा, खाचांत चार पाती, सैल, आत-बाहेर सरकणारी. फिरकी गरगर फिरली की पाती बाहेर फेकली जातात आणि डब्याच्या भिंतीला घासत पळतात. आणि आता गंमत. फिरकी डब्याच्या मधोमध नसते. एका अंगाला सरकवलेली असते. किती? सहा मिलिमीटर. म्हणजे एका बाजूला ऐसपैस जागा, दुसऱ्या बाजूला चिंचोळी. ऐसपैस जागेत हवा आत येते, पाती तिला धरतात, फिरवत फिरवत चिंचोळ्या जागेकडे नेतात, तिथं दाबतात आणि दाबलेली हवा इंजिनात कोंबतात. झालं. सगळं यंत्र त्या सहा मिलिमीटरवर जगतं. ते सहा काढून घ्या, मग काय उरलं? डब्यात फिरणारा डबा. हे मी आत्याला समजावलं तर म्हणाली, "म्हणजे फुंकणीच की. चूल पेटत नाही म्हणून फुंकणी." मी म्हटलं, आत्या, याच्यामागे चारशे पानं आहेत. म्हणाली, "मग लांब फुंकणी."

डब्यासाठी जुन्या पंपाचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, सिलिंडर मिळालं. पात्यांसाठी बंद पडलेल्या गिरणीतल्या विजेच्या पॅनेलचा तपकिरी बोर्ड कापला, तो फार चिवट असतो आणि घासला तरी बिडाला ओरखडत नाही. डब्याला दोन बाजूंना दोन झाकणं, झाकणांत बेअरिंगची भोकं. फिरकी नेमकी कुठं बसणार हे ती दोन भोकं ठरवतात. एवढं लक्षात ठेवा, ती दोन भोकं. मी ड्रॉइंग काढलं. काय ड्रॉइंग होतं, माझ्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं बघून. आणि लेथवरचं काम बाबांकडे.

आता बाबांबद्दल थोडं सांगायलाच हवं. चाळीस वर्षं लेथ. आसपासच्या दोन-तीन गावांतून लोक शाफ्ट घेऊन येतात, का, तर यांच्या हातून गेलेली वस्तू डगमगत नाही. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, वस्तू धरायची, हळू फिरवायची आणि खडूचं टोक नुसतं टेकवायचं. एकाच बाजूला पांढरं लागलं तर वस्तू बाजूला गेलीय. मग ठोकायची, पुन्हा फिरवायची, पुन्हा खडू. सगळीकडे सारखा खडू लागेपर्यंत हा माणूस पाणी पीत नाही. "फिरतं ते मधोमध फिरतं," हे बाबांचं एकुलतं एक वाक्य, बाकी सगळं 'हं' आणि 'बरं'. आणि हे लेथपुरतं नाही हो. लोकांच्या घरी गेले तर बोलता बोलता त्यांचा आरसा सरळ करतात. टेबलावरचा तांब्या मधे सरकवतात. मामा पंख्याखाली खुर्ची घेऊन बसले की बाबा वर बघतात, खाली बघतात आणि म्हणतात, "जरा डावीकडे." मामांना वाटतं वारा लागावा म्हणून सांगतायत.

तुम्ही हसायला लागलात. तुम्हाला कळलं. अहो, मला कळायला हवं होतं ना, पण माझ्या डोक्यात तिकडची हवा. नका हसू एवढ्यात, बरंच हसायचं बाकी आहे.

तीन दिवस बाबा ते ड्रॉइंग घेऊन लेथपाशी उभे. आडवं धरून बघायचे, उभं धरून बघायचे, चष्मा पुसायचे. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले. मी त्या वेळी ड्रायव्हरला, म्हणजे दवाखान्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला, हवेचा दाब म्हणजे काय ते समजावत होतो आणि तो बिचारा बिडी विझवून ऐकत होता. बाबा म्हणाले, "हा मध्य… नीट बघितलास ना?" बस, एवढंच. आणि मी, सहा वर्षं शिकलेला, चारशे पानं लिहिलेला मी, काय म्हणालो? मी म्हणालो, "बाबा, त्या कागदामागे सहा वर्षं आहेत. एका रेघेला हात लावू नका." परक्या माणसासमोर. बाबांनी ड्रायव्हरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

बाबांच्या 'बरं'चा अर्थ काय असतो, ते सहा वर्षांत मी विसरलो होतो.

तुम्ही म्हणाल, मोजून का नाही बघितलं? अहो, बाबांचं काम मोजायचं? लहानपणी एकदा मोजलं होतं. दहा वर्षांचा होतो, बक्षीस म्हणून व्हर्निअर मिळालं होतं, उत्साहानं बाबांच्या एका शाफ्टला लावलं. माप बरोब्बर निघालं. तरी बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात बाबांनी केलेल्या वस्तूला डोळा लावतात, माप लावत नाहीत.

डबा बनला. आणि काय बनला, तुम्हाला सांगतो. मोटार लावून फिरवला तर आवाज नाही. थरथर नाही. वर पाण्याचा पेला ठेवला तर पाण्याला तरंग नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की पात्यांची यंत्रं खडखडतात. आमचं खडखडत नव्हतं. मला वाटलं, बघा, हे आपले हात. तिकडे खडखडतं, इकडे खडखडत नाही. मी बाबांना मिठी मारली. बाबा लाजले, म्हणाले, "फिरतं ते मधोमध फिरतं." मला वाटलं, असंच म्हणतायत, सवयीनं.

मग दाब मोजायचा. दाबाचं मीटर कुठून आणायचं? आत्या म्हणाली, माझं ब्लडप्रेशरचं घ्या. यंत्राच्या तोंडाला तिची नळी जोडली. यंत्र गरगर फिरतंय, आम्ही सगळे काट्याकडे बघतोय आणि काटा शून्यावर. मोटारीचा वेग वाढवला. काटा शून्यावर. टिचकी मारली. शून्यावर. आत्यानं घड्याळात बघितलं आणि तिच्या त्या ड्युटीवरच्या आवाजात म्हणाली, "पेशंट गेला." मी म्हटलं, मीटर बिघडलंय. म्हणाली, "सकाळी तुझ्या मामाचं घेतलं, एकशे साठ दाखवत होतं." मी म्हटलं, मग मामांना लावून बिघडलं असेल. कारण यंत्र चुकणार कसं? गणित बरोबर होतं. रात्री पुन्हा करून बघितलं होतं, दोन वेगळ्या पद्धतींनी.

गाडीवर यंत्र चढवलं. पुली, पट्टा, पाइप. पाइपला जागा करायची म्हणून इंजिनाच्या तोंडावरचा जुना एअर फिल्टरचा डबा मीच काढला, दोन बोटांनी धरून, असा तोंड वाकडं करून, आणि कोपऱ्यात भिरकावला. म्हटलं, ही अडगळ आता नको, आता हवा आपण देणार. बाबांनी तो उचलला. बाबा काहीच टाकत नाहीत. नेला, रॉकेलमध्ये धुतला, उन्हात वाळवला, कागदात गुंडाळला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवून दिला. "असू दे. कधी लागला तर." मी हसलो. हो, मीच. तेव्हा माझे हसायचे दिवस होते.

चाचणी रविवारी सकाळी. साहेब आणि समिती वर, दवाखान्याच्या दारात, खुर्च्या टाकून, चहा घेत. खाली आम्ही. पेशंट म्हणून वजनाला कोण? मामा. स्वतःहून आले हो. म्हणाले, "मला आडवं पडून बघायचंय, तुझं यंत्र काय करतं ते." स्ट्रेचरवर झोपले, आत्यानं वरून चादर घातली, मामा म्हणाले तोंडावर नको. बाबा आणि आत्या मागच्या बाकावर, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. वस्ती सगळी रस्त्याच्या कडेला उभी. एक म्हातारा मला खिडकीतून म्हणाला, "बाळा, गुडघे गेलेत माझे. आता तुझ्यावरच." मी म्हटलं, आजोबा, वर भेटू.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. पट्टा फिरला, यंत्र फिरलं, आवाज नाही, थरथर नाही. गाडी निघाली. पहिलं वळण घेतलं आणि… तुम्हाला सांगतो, गाडी न्हाव्याच्या दुकानापाशी बंद पडली. न्हाव्याच्या. आता न्हाव्याचं दुकान शिंप्याच्या खाली आहे, चांगलं पन्नास पावलं खाली. म्हणजे तीन महिने खपून, चारशे पानांचं ज्ञान ओतून, मी त्या गाडीची प्रगती केली ती खालच्या दिशेनं. न्हावी फेसाचा ब्रश घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "आता बाक मी ठेवू का?"

स्ट्रेचरवरून आवाज आला, "सोमवार उद्याच आहे."

मी उतरून पुढे गेलो. बॉनेट उघडून नुसता बघत राहिलो. ड्रायव्हरनं पुन्हा चावी फिरवली की यंत्र फिरायचं, सुंदर फिरायचं, आणि इंजिनाचा गळा आवळला जायचा. ड्रायव्हर आला, हळूच म्हणाला, "छोटे मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका. पण गाडी इथं वळत नाही, रस्ता अरुंद आहे. शिंप्यापर्यंत तर न्यायलाच पाहिजे, वळवायला. तुमची ही फुंकणी जरा बाजूला करू?" मी मान हलवली. त्यानं पट्टा काढला, पाइप काढला, सीटखालून कागदातला तो धुतलेला फिल्टर काढला, इंजिनाच्या तोंडावर बसवला आणि चावी फिरवली.

आणि गाडी निघाली. निघाली म्हणजे काय… शिंप्याच्या दुकानापाशी वळवायचं होतं, तर ड्रायव्हर वळवायलाच विसरला, कारण गाडी थांबेना. शिंपी सवयीनं बाक झटकून उभा होता, गाडी त्याच्यासमोरून गेली, तो गळ्यातल्या टेपसकट मागे धावला. आत्यानं माझ्या मानेमागून हात घालून माझी कॉलर धरली आणि सोडेचना. मामा उठून बसले. गाडी शाळेवरून गेली, पाण्याच्या टाकीवरून गेली आणि दवाखान्याच्या दारात, साहेबांच्या खुर्चीपासून दोन हातांवर, जाऊन थांबली. एका दमात. सहा माणसांचं वजन घेऊन. म्हणजे आम्ही पाच, पण मामा दोन धरा.

आणि सुरू झाल्या टाळ्या.

मी खाली उतरलो आणि ड्रायव्हरची मानगूट धरली. म्हटलं, या फिल्टरात काय होतं? म्हणाला, "काय असणार? मोठे मिस्त्री धूत होते तेव्हा बघितलं, कापूस होता दवाखान्याचा, पाला होता, औषधाच्या चिठ्ठ्या होत्या, उंदराचं घरटं होतं, पिलं मात्र नव्हती." मी म्हटलं, साफ कधी केला होतास? तो म्हणाला, "मी? मी ड्रायव्हर आहे. फिल्टर साफ करणं हेल्परचं काम. हेल्परची जागा सात वर्षं रिकामी आहे." सात वर्षं. सात वर्षं ती गाडी नाकात बोळा घालून पेशंट वाहत होती, आणि मी तिला तपासलं तेव्हा सगळं तपासलं, नाक सोडून. का? कारण तिकडे आमच्या प्रयोगशाळेतल्या इंजिनांना फिल्टर नसायचेच. तिथली हवाच गाळून येत असे. आणि तरीही बघा, मी काय म्हणालो होतो? इंजिनाला हवा कमी पडते. पडतच होती की. गणित बरोबर होतं!

पण मी माणूस सरळ आहे हो. मी सत्य सांगायला साहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, यंत्राचा पट्टासुद्धा लावलेला नाही. गाडी धुतलेल्या फिल्टरवर चढली. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि फार मायेनं म्हणाले, "बघा, फिल्टर धुवायचा म्हणजे हेल्परचं पद लागतं. पद मंजूर नाही. आणि यंत्राची चाचणी तर सगळ्या समितीनं डोळ्यांनी बघितली. मग मंजूर काय होणार?" मी म्हटलं, पण यंत्र चालत नाही. ते म्हणाले, "बसवलेलं आहे ना? मग झालं. गाडी भंगारात जात नाही. तुम्हाला गाडी हवीय की खरं?" मी वळून बघितलं तर तो गुडघे गेलेला म्हातारा कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून वर आला होता आणि गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत होता, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी म्हटलं, बसवलेलं आहे, साहेब.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये यंत्र उघडलं. झाकण काढलं आणि बघतो तर ती दोन्ही भोकं झाकणांच्या बरोब्बर मध्यावर आणि फिरकी मधोमध. म्हणजे कशी, तर पूर्ण मधोमध. चहूबाजूंनी सारखी जागा, केसाचाही फरक नाही. पाती बिचारी जिथं होती तिथंच. ना ऐसपैस, ना चिंचोळं. एका हातानं इंजिनाला हवा द्यायची आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायची, असं ते यंत्र. समितीनं मंजूर केलं यात काही नवल नाही. तिला ते ओळखीचं वाटलं असणार.

बाबा शेजारच्या स्टुलावर बसले होते. म्हणाले, "बघितलंस?" मी म्हटलं, बघितलं. ते म्हणाले, "मी कुणाला बोललो नाही." मी म्हटलं, काय? बाबांनी दाराकडे बघितलं, कुणी नाही ना ते पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुझी चूक. सहा मिलिमीटर होती. थोडीथोडकी नाही. एवढा शिकून आलास, चारचौघांत कशी दाखवायची? मीच नीट करून घेतली." आणि हा माणूस, जो आयुष्यात एका दमात चार वाक्यं बोललेला नाही आणि ज्याला मागच्या बाकावरून पट्टा काढलेला दिसलाच नव्हता, तो पुढे म्हणाला, "नाहीतर आज गाडी चढली असती का?"

आता सांगा. तुम्ही काय केलं असतंत? कागद काढला असतात? चारशे पानं काढली असतीत? ते हात काळेभोर, नखांत बीड भरलेलं, आणि चेहऱ्यावर असं समाधान… की पोराची लाज आपण राखली. मी म्हटलं, "नाही चढली असती, बाबा." ते म्हणाले, "मग?" आणि स्टूल माझ्याकडे जरा सरकवलं. मधोमध.

मामा सोमवारी एकटेच परत गेले. जाताना म्हणाले, जागा अडवून ठेवतो.

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तोंड बरं करून बसलो असतो. पण महिन्याभरात साहेबांचं पत्र आलं. आणखी सहा गावांच्या दवाखान्यांच्या गाड्या चढत नाहीत, तरी असलीच सहा यंत्रं बनवावीत, मंजूर नमुन्यात कसलाही बदल करू नये, पट्टा लावू नये. मी मग एक युक्ती केली. यंत्राबरोबर जे माहितीपत्रक द्यायचं असतं त्यात लिहिलं, 'यंत्राच्या देखभालीसाठी दर महिन्याला एअर फिल्टर धुणे आवश्यक.' फिल्टर धुवायला पद मंजूर नाही, पण यंत्राची देखभाल मंजूर आहे आणि देखभाल करणारा मी. तेव्हा आता मी दर महिन्याला सहा गावं फिरतो, सहा फिल्टर रॉकेलमध्ये धुतो, सहा यंत्रांवरची धूळ पुसतो, आणि जिथं जातो तिथं लोक टाळ्या वाजवतात. गाड्या चढतायत. आत्या हल्ली वाक्य पूर्ण करते. मधे गप्प होत नाही. म्हणजे वाईट काहीच नाही, तसं बघितलं तर.

फक्त परवा मी बाबांना म्हटलं, बाबा, पहिलं धरून सात झाली, आता आठवं एक करू, सरकारी नाही, आपल्यापुरतं. ड्रॉइंग मी देतो, तुम्ही फक्त त्याच्याप्रमाणे करा. बाबांनी लेथ थांबवला. चकमधल्या वस्तूला खडू लावून बघितला, सगळीकडे सारखा लागला होता. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी समजुतीनं म्हणाले, "करू की. पण या वेळी मध्य नीट धर रे. दर वेळी सांभाळून घ्यायला मी थोडाच असणार आहे?"

गणित बरोबर होतं हो… पण मी म्हणालो, "बरं."